किण्वनाची परिस्थिती आणि इथेनॉलचे उत्पादन : गणिती प्रतिमानांची प्रस्तावना

एक टन सी-हेवी मळीत आंबवता येण्याजोगी साखर ४२ टक्के धरली, तर ती ४२० किलो भरते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो ग्लुकोजपासून ५११ ग्रॅम इथेनॉल मिळायला हवे. इथेनॉलची घनता ०.७८९ असल्यामुळे टनामागे सुमारे २७२ लिटर हाती यायला हवेत. डिस्टिलरीच्या नोंदवहीत मात्र आकडा बहुधा २२५ ते २५० लिटरच्या दरम्यान असतो. राहिलेल्या लिटरांपैकी थोडे ऊर्ध्वपातनात जातात. बाकीच्यांचा हिशेब आंबवण टाकीतच लावावा लागतो. काही साखर यीस्टच्या अंगी लागते, काहीचे ग्लिसरॉल होते, काही जिवाणू खातात आणि काही न आंबताच स्पेंट वॉशबरोबर, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या द्रवाबरोबर, निघून जाते. कोणत्या वाटेने किती साखर जाणार हे टाकीतले तापमान, सामू, साखरेची तीव्रता, जमलेले इथेनॉल, विरघळलेला प्राणवायू आणि पोषणद्रव्ये मिळून ठरवतात. या परिस्थितीचा उत्पादनाशी असलेला संबंध समीकरणांत मांडणे आणि त्या समीकरणांकडून टाकीचे पुढचे वर्तन वदवून घेणे, हा किण्वनाच्या गणिती प्रतिमानांचा विषय आहे.

या हिशेबाची सुरुवात यीस्ट सजीव आहे हे ठाऊक होण्याआधीच झाली. लाव्हॉझियेने १७८९ मध्ये साखर एका बाजूला आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या बाजूला ठेवून वजनांचा ताळेबंद मांडला. गे-ल्यूसाकने १८१५ मध्ये त्याला आजच्या समीकरणाचे रूप दिले : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. लुई पाश्चरने १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात दाखवले, की साखरेचा सुमारे ९५ टक्के भागच या समीकरणाप्रमाणे वागतो; बाकीच्यातून ग्लिसरॉल, सक्सिनिक अम्ल आणि यीस्टचे स्वतःचे शरीर तयार होते. एडुआर्ड बुखनरने १८९७ मध्ये पेशी चिरडून काढलेल्या रसातही किण्वन घडवून आणले, तेव्हा एंझाइमांच्या अभ्यासाचे दार उघडले. पाश्चरने दाखवलेली ती पाच टक्क्यांची तूट आजही प्रत्येक प्रतिमानात कुठे ना कुठे लिहावी लागते. चांगल्या टाकीतही ती पूर्णपणे टळत नाही.

ही तूट समजण्यासाठी यीस्टची गरज काय आहे ते पाहावे लागते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टला ऊर्जा हवी असते. प्राणवायूविना एका ग्लुकोज रेणूपासून त्याला एटीपीचे अवघे दोन रेणू मिळतात. ग्लुकोज मोडताना पेशीत साठणारा एनएडीएच पुन्हा वापरात आणण्यासाठी पेशी इथेनॉल तयार करून बाहेर टाकते. पेशी वाढवताना एनएडीएचचा आणखी वाढावा निर्माण होतो आणि तो फेडण्यासाठी ग्लिसरॉल बनते. म्हणून यीस्टची वाढ, ग्लिसरॉल आणि इथेनॉल यांचे आकडे एकमेकांपासून सुटे धरता येत नाहीत. प्राणवायूचेही तसेच. साखर भरपूर असली की हे यीस्ट हवा असतानाही इथेनॉल बनवते; याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. तरीही प्राणवायू पूर्णपणे तोडून चालत नाही. पेशीपटलासाठी लागणारे अर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले प्राणवायूवाचून तयार होत नाहीत, आणि त्यांच्या अभावी यीस्टला अल्कोहोल सोसत नाही. प्रीफर्मेंटरमध्ये, म्हणजे यीस्ट वाढवण्याच्या टाकीत, सुरुवातीला हवा सोडतात ती याचसाठी.

वाढीच्या वेगाचे सर्वांत परिचित समीकरण झाक मोनोचे आहे. अन्न वाढले की वेग वाढतो आणि एका मर्यादेला पोहोचून थांबतो, हे त्याने जिवाणूंवरच्या प्रयोगांतून १९४० च्या दशकात मांडले. त्यात दोन प्राचले आहेत : वाढीचा कमाल वेग आणि ज्या तीव्रतेला वेग निम्मा होतो तो अर्धसंपृक्ती स्थिरांक. जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तक इथूनच सुरू होते, पण मळीच्या टाकीत या समीकरणाचा उपयोग वाटतो त्यापेक्षा कमी आहे. यीस्टच्या बाबतीत हा स्थिरांक लिटरला एक ग्रॅमहूनही लहान असतो. तो अर्धा ग्रॅम धरला, तर साखर १६० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आली तरी मोनोच्या हिशेबाने वेग ९७ टक्क्यांहून जास्तच राहतो. प्रत्यक्षात टाकीतला वेग त्याच्या कितीतरी आधी मंदावलेला असतो. म्हणजे यीस्टला अन्न कमी पडत नसते, त्याला त्यानेच बनवलेले इथेनॉल सोसेनासे झालेले असते.

इथेनॉलचा हा अवरोध कोणत्या सूत्राने लिहावा यावर बराच विचार झाला आहे. आयबा, शोडा आणि नागातानी या जपानी संशोधकांनी १९६८ मध्ये घातांकी रूप सुचवले : अल्कोहोल वाढेल तसा वेग उतरत जातो, पण कधीच अगदी शून्य होत नाही. दिल्लीच्या आयआयटीतील घोष आणि त्यागी यांनी १९७९ मध्ये सरळ रेषेचे रूप वापरले. त्यात एका ठरावीक तीव्रतेला वाढ पूर्ण थांबते. पुढच्याच वर्षी लेव्हनस्पीलने याच कल्पनेला एक घातांक जोडला, त्यामुळे रेषा हवी तशी वाकवता येऊ लागली. लुआँगच्या १९८५ च्या अभ्यासात यीस्टची वाढ लिटरला ११२ ग्रॅम इथेनॉलला थांबते आणि इथेनॉल बनवण्याची क्षमता ११५ ग्रॅमला संपते, असे अनुमान निघाले. आकडे वाणागणिक आणि माध्यमागणिक बदलतात, पण दोन मर्यादा वेगवेगळ्या असतात ही गोष्ट टिकून राहते. वाढ थांबलेली पेशीही काही काळ साखर आंबवत राहते.

याचमुळे वाढीचे समीकरण आणि उत्पादनाचे समीकरण वेगळे ठेवतात. ल्यूडेकिंग आणि पिरे यांनी १९५९ मध्ये लॅक्टिक अम्लाच्या किण्वनासाठी दोन पदांचे सूत्र दिले : उत्पादनाचा एक भाग वाढीच्या वेगाशी बांधलेला, तर दुसरा केवळ पेशींच्या संख्येशी. इथेनॉलसाठीही तेच सूत्र वापरले जाते. वॉशमध्ये, म्हणजे टाकीत आंबणाऱ्या द्रवात, शेवटी साधारण ९ टक्के अल्कोहोल होते तेव्हा वाढ जवळजवळ बंद असते, आणि अखेरचे उत्पादन या दुसऱ्या पदाच्या जोरावर निघते. पेशी, साखर, इथेनॉल आणि जिवंत पेशींचा अंश अशी चार अवकल समीकरणे एकत्र सोडवली की टाकीचे एक कामचलाऊ चित्र उभे राहते.

त्या चित्रात तापमान घातले की खरी परीक्षा सुरू होते. एक किलो साखर आंबताना साधारण ५०० ते ६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. लिटरला १६० ग्रॅम साखर असलेला वॉश अजिबात थंड केला नाही, तर कागदावरच्या हिशेबाने तो वीस अंशांच्या आसपास तापेल. ३० अंशांना सुरू झालेली टाकी मग ५० अंशांवर जाईल. पण त्याच्या खूप आधीच यीस्ट मरते आणि साखर तशीच पडून राहते. बहुतेक औद्योगिक वाणांना ३० ते ३५ अंश मानवतात. तापमानाचा परिणाम दोन विरुद्ध पदांनी लिहितात. एक पद अऱ्हेनियसच्या नियमाने वेग वाढवते, तर दुसरे पेशींचा मृत्यू वाढवते. दुसऱ्या पदाची सक्रियण ऊर्जा कितीतरी जास्त असल्यामुळे वेगाचा आलेख सावकाश चढतो आणि शिखर ओलांडताच कड्यासारखा कोसळतो.

एवढ्यावर थांबणारी प्रतिमाने पुष्कळ आहेत आणि कारखान्यात ती फसतात. तापमान आणि इथेनॉल यांचे घाव एकाच जागी, पेशीपटलावर पडतात. दोघांमुळे पटल गळके होते, प्रोटॉन आत झिरपू लागतात आणि ते बाहेर ढकलण्यात पेशीची ऊर्जा खर्ची पडते. पोर्तुगालमध्ये निकोलाउ व्हान उडेन यांनी केलेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले, की इथेनॉल वाढत जाते तसतसे यीस्टला सोसणारे कमाल तापमान खाली येते. म्हणजे ३६ अंश तापमान किण्वनाच्या पहिल्या प्रहरी निभावून जाईल आणि शेवटच्या प्रहरी घातक ठरेल. तापमानाचा प्रयोग वेगळा, अल्कोहोलचा प्रयोग वेगळा असे करून दोन सूत्रांचा नुसता गुणाकार करणारे प्रतिमान हा फरक दाखवू शकत नाही. इथेनॉलची कमाल सह्य तीव्रता हीच तापमानावर अवलंबून ठेवली, तर एक-दोन प्राचले वाढतात. पण प्रतिमान टाकीशी प्रामाणिक राहते. या विषयात एकच सुधारणा करायला वाव असेल, तर ती ही करावी.

महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांसाठी हा प्रश्न ऋतूंशी जोडलेला आहे. वॉश प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवून थंड करतात आणि त्यासाठीचे पाणी कूलिंग टॉवरमधून येते. कूलिंग टॉवर पाण्याला हवेच्या नेहमीच्या तापमानापर्यंतच नव्हे, तर ओल्या फडक्याच्या तापमापीवर दिसणाऱ्या तापमानाच्या जवळ नेऊ शकतो; त्याखाली मात्र नेऊ शकत नाही. त्यामुळे सोलापूरकडचे मे महिन्यातले ४१ अंशांचे कोरडे ऊन टॉवरला जितके जड जात नाही, तितका जूनमधला ३३ अंशांचा दमट दिवस जातो. हवामानाचे हे एक पद प्रतिमानात घातले, की कोणत्या आठवड्यात टाकी किती साखरेने भरावी याचे उत्तर आधीच मिळू शकते.

साखर जास्त घातली की अल्कोहोल जास्त, हेही एका मर्यादेपर्यंतच खरे. साखरेबरोबर तर्षण दाब वाढतो, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याला तोंड देण्यासाठी यीस्ट ग्लिसरॉल साठवते. हा अवरोध लिहिण्यासाठी अँड्र्यूजने १९६८ मध्ये सुचवलेले सूत्र वापरतात. त्याचा पाया हॉल्डेनच्या एंझाइमविषयक समीकरणात आहे. मळीच्या बाबतीत साखरेइतकेच लक्ष इतर घटकांकडे द्यावे लागते. कॅल्शियम व पोटॅशियमचे क्षार, बाष्पनशील अम्ले आणि साखर तापताना झालेली रंगद्रव्ये सी-हेवी मळीत एकवटलेली असतात. साखर काढण्याच्या आधीच्या टप्प्यावर वेगळ्या केलेल्या बी-हेवी मळीत साखर जास्त आणि क्षार त्या मानाने कमी असतात, म्हणून तिच्या टनामागे ३०० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते. एकाच ब्रिक्सच्या दोन मळ्या सारख्या आंबत नाहीत. ब्रिक्स विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची बेरीज सांगते, त्यात यीस्टच्या उपयोगाची साखर किती हे सांगत नाही.

साखरेचा भार हळूहळू द्यायचा, हा त्यावरचा एक उपाय. यीस्ट पुन्हा वापरून सुरुवातीपासूनच भरपूर पेशी देणे, हा दुसरा. फ्रान्समध्ये निघालेल्या आणि ब्राझीलमध्ये रुजलेल्या मेल-ब्वानो पद्धतीत यीस्ट अपकेंद्रित्राने वेगळे काढून, सौम्य गंधकाम्लात सामू २ ते २.५ पर्यंत उतरवून धुतात आणि पुन्हा टाकीत सोडतात. सुरुवातीलाच पेशी भरपूर असल्यामुळे किण्वन सहा ते बारा तासांत उरकते आणि वाढीवर साखर फारशी खर्च होत नाही. सततच्या किण्वनाचे गणित वेगळे आहे. पूर्ण ढवळल्या जाणाऱ्या एकाच टाकीत प्रत्येक पेशी कायम शेवटच्या अल्कोहोलमध्येच राहते. स्थिर अवस्थेत वाढीचा वेग हा वॉश बदलण्याच्या वेगाइतका असावा लागतो, नाहीतर यीस्ट वाहून जाते. म्हणून टाक्या एकामागोमाग एक मांडतात : पहिलीत वाढ, शेवटच्यांत उरलेल्या साखरेचा निकाल. किती टाक्या हव्यात आणि कोणती केवढी, हे अवरोधाच्या सूत्राच्या आकारावरून ठरते. प्रतिमानातला घातांक इथे पोलादाच्या खर्चात दिसतो.

सामूचा स्वतःचा परिणाम मोठा नाही. ४ ते ५ च्या पट्ट्यात यीस्ट समाधानी असते. सामूला महत्त्व येते ते जिवाणूंमुळे. लॅक्टोबॅसिलस आणि ल्यूकोनोस्टॉक प्रजातींचे जिवाणू मळीबरोबर, पाण्याबरोबर, पाइपांच्या कोपऱ्यांतून टाकीत येतात. बनणाऱ्या प्रत्येक ग्रॅम लॅक्टिक अम्लामागे साधारण अर्धा ग्रॅम इथेनॉल हातचे जाते आणि ते अम्ल यीस्टलाही त्रास देते. टाकी तापली की यीस्ट मंदावते, पण यांतल्या कित्येक जिवाणूंना ३८ ते ४० अंश मानवतात. प्रतिमानात त्यांच्यासाठी स्वतंत्र समीकरण लागते. निर्जंतुक फ्लास्कमध्ये काढलेली प्राचले कारखान्यात दर वेळी आशावादी ठरतात, त्याचे मोठे कारण हेच. गोव्यात फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रस आंबतो, तिथे तर निसर्गतः आलेल्या अनेक यीस्टांचा आणि जिवाणूंचा मेळाच काम करतो. एकाच जातीवर उभे राहिलेले कोणतेही सूत्र तिथे पुरे पडणार नाही.

या यंत्रणावादी प्रतिमानांच्या शेजारी सांख्यिकी प्रतिमानांचा मोठा प्रांत आहे. बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ मध्ये मांडलेली प्रतिसाद-पृष्ठ पद्धत घेऊन तापमान, सामू, साखर आणि युरिया यांच्या मोजक्या संयोगांवर प्रयोग करतात, निकालांवर वर्गसमीकरण बसवतात आणि त्याचे शिखर शोधतात. भारतातल्या विद्यापीठांतले असंख्य प्रबंध या साच्यातले आहेत. पद्धत निर्दोष आहे आणि परस्परक्रियाही पकडते. मात्र तिच्यात काळ नाही. ७२ तासांनंतरचे इथेनॉल सांगणारे समीकरण विसाव्या तासाला कूलिंग बंद पडले तर काय होईल हे सांगू शकत नाही. शिवाय वर्गसमीकरणाला कार्बनचा हिशेब ठाऊक नसतो. प्रयोगांच्या पट्ट्याबाहेर ते सैद्धांतिक मर्यादेहून जास्त इथेनॉलही बेधडक वर्तवते. न्यूरल नेटवर्कलाही हीच मर्यादा आहे, फक्त ती तिथे लवकर दिसत नाही. यीस्टचा संपूर्ण जीनोम १९९६ मध्ये वाचला गेला आणि २००३ मध्ये त्यावर आधारलेले पहिले चयापचय प्रतिमान आले. वाण सुधारण्यासाठी ते अनमोल आहे, पण टाकी चालवणाऱ्याच्या हाती ते अजून थेट आलेले नाही.

कोणतेही प्रतिमान त्याच्या मोजमापांहून चांगले असू शकत नाही. टाकीतून ठरावीक वेळाने नमुना काढतात. हायड्रोमीटरवर घनता पाहतात, पण अल्कोहोल पाण्याहून हलके असल्यामुळे वाचन खऱ्या साखरेपेक्षा कमी येते; उरलेली साखर रासायनिक चाचणीनेच कळते. नमुन्याच्या थेंबात मिथिलीन ब्लू मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत बिनरंगी राहतात. ही मोजणी वगळून केवळ घनतेवर बसवलेल्या प्रतिमानात कमाल वेग आणि मृत्युदर एकमेकांच्या चुका झाकतात. आलेख सुरेख जुळतो, पण दोन्ही आकडे चुकीचे असतात. म्हणून प्राचले काढण्याआधी कार्बनचा ताळेबंद जुळवावा : गेलेली साखर एका बाजूला आणि इथेनॉल, वायू, ग्लिसरॉल, पेशी व अम्ले दुसऱ्या बाजूला. तो जुळत नसेल, तर पुढचे सारे गणित व्यर्थ आहे.

हा अभ्यास आज निकडीचा झाला आहे, कारण डिस्टिलरीत येणारा कच्चा माल स्थिर राहिलेला नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला इथे झाले. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि उसाचा रस यांना वाट मोकळी केली, २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी असल्याने रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्राने अचानक बंधने घातली. मका आणि तांदूळही टाकीत येऊ लागले आहेत; तिथे एंझाइमे स्टार्चमधून साखर सोडत असतात आणि यीस्ट ती त्याच वेळी संपवत असते, म्हणून आणखी एक वेग समीकरणात घ्यावा लागतो. एकाच टाकीत एका हंगामात मळी, पुढच्यात रस आणि नंतर धान्य आंबवायचे असेल, तर जुन्या अनुभवाचे ठोकताळे पुरत नाहीत. म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक प्राचलासोबत यीस्टचा वाण, मळीचा प्रकार आणि तापमानाचा पट्टा नोंदवलेला असलाच पाहिजे. त्याविना तो आकडा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला मोठी उपकरणे लागत नाहीत. पाव लिटर द्रावण, त्यात ४० ग्रॅम साखर, थोडे यीस्ट व पोषणद्रव्ये, वायू बाहेर जाऊ देणारे पण हवा आत न घेणारे बूच आणि चांगला वजनकाटा एवढे पुरते. दर तीन तासांनी वजन करावे. प्रत्येक ८८ ग्रॅम घट म्हणजे ९२ ग्रॅम इथेनॉल. हाच प्रयोग २८, ३२ आणि ३६ अंशांना करून तिन्ही आलेख शेजारी ठेवावेत आणि वर सांगितलेली चार समीकरणे संगणकावरच्या साध्या तक्त्यात छोट्या छोट्या पायऱ्यांनी सोडवून त्यांवर बसवावीत. किण्वन नीट पार पडले तर फ्लास्कचे वजन सुमारे १८ ग्रॅमने उतरते.